तीन पायांमधला कोश

मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभा राहणारा, तीन पायांचा. गोष्ट सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुम्ही माझे मित्र नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी माझ्या एखाद्या भावाच्या पायाला अडखळून "हा मध्येच कुणी ठेवला?" असं विचारलेलं आहे. तो ठेवलेला नव्हता. तो उभा होता. कामावर होता.

मला तुमच्याकडे काही मागायचं आहे, पण ते शेवटी. आधी ऐकून घ्या. मला तीन पाय आहेत, म्हणून गोष्टीलाही तीनच. तिसऱ्या पायाचा खटका सैल आहे. तो घसरला की गोष्टही घसरेल. मग मला बोल लावू नका.

पहिला पाय

मी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा झालो. नळीत नळी, तिच्यात आणखी एक नळी, आणि सांध्यावर खटका. खटका उघडला की पाय लांब होतो, दाबला की तिथेच घट्ट बसतो. तिन्ही पायांच्या मधोमध एक दांडा आणि दांड्याच्या खालच्या टोकाला एक आकडा. वारा असला की त्या आकड्याला वजनाची पिशवी टांगायची, म्हणजे मी हलत नाही. कारखान्यात एका बाईंनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि "हं, जाऊ दे" म्हणाल्या. एवढंच माझं बालपण.

मला घरी आणलं धाकटीने. त्या घरात तिघं राहतात. धाकटी फोटो काढते: लोकांचे, दुकानांतल्या वस्तूंचे, समारंभांचे. थोरली तिची मोठी बहीण. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते आणि उरलेल्या वेळात मोनार्क फुलपाखरं वाढवते. तिसरे त्यांचे बाबा. ते बसमध्ये कंडक्टर होते, आता घरी असतात आणि दोघींच्या मध्ये उभे राहतात. या घरात तेही एक कामच आहे.

फुलपाखरं म्हटल्यावर तुमचे चेहरे गोड झाले असतील. आवरा. मी ती जवळून पाहिली आहेत.

मागच्या खोलीत एक काचेची पेटी आहे, वर जाळीचं झाकण. गॅलरीत मिल्कवीडच्या कुंड्या आहेत. मिल्कवीड म्हणजे पान तोडलं की पांढरा चीक गळणारं झाड. मोनार्कची अळी दुसरं काही खात नाही, नखरेलच आहे. पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं अंडं दिसलं की थोरली ते पान देठासकट पेटीत आणते. अंड्यातून अळी बाहेर येते आणि सगळ्यात आधी काय खाते? स्वतःचं राहतं घर. अंड्याचं टरफल संपवते, मग पान, मग शेजारचं पान. शेजारी दुसरं अंडं असेल तर तेही. अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे. पुढे दोन शिंगं, मागे दोन शिंगं. तोंड कुठे आणि दुसरी बाजू कुठे ते लवकर कळत नाही. दुसऱ्या बाजूने सतत हिरवे-काळे दाणे पडत असतात. थोरली ते रोज चिमट्याने उचलते. "दवाखान्यात तरी माणसं चूळ भरतात," असं ती म्हणते आणि हसते.

या अळ्यांपुढे मला तासन् तास उभं केलं. धाकटी मुलांच्या वाचनालयातल्या एका भिंतीसाठी मोनार्कचं सगळं आयुष्य टिपत होती. अंडं, अळी, कात टाकणं, उलटं लटकणं, हिरवा कोश, त्यावरचे सोनेरी ठिपके. इतक्या जवळून फोटो काढताना एखादा केस जरी हलला तरी चित्र पुसट होतं. कोण हललं नाही? मी. कुणाचं कौतुक झालं? कॅमेऱ्याचं.

"वा, काय कॅमेरा आहे!" घरी आलेला प्रत्येक जण म्हणायचा. कॅमेरा नुसता डोळा उघडायचा आणि मिटायचा. माझ्या डोक्यावर बसून. माझ्या पायाचा खटका सैल झाला तेव्हा धाकटीने त्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "चालतंय." कॅमेऱ्यावर धुळीचा एक कण बसला तर मऊ ब्रश.

फक्त बाबा एकदा माझ्यासमोर थांबले होते. "हा आपला माणूस," ते म्हणाले. "मीसुद्धा जन्मभर असाच. पाय फाकून, कशालाही न धरता."

मी कुणाचा माणूस वगैरे नाही. पण हे मी विसरलेलो नाही.

दुसरा पाय

वाचनालयाच्या भिंतीवर सगळ्या चौकटी भरल्या, एक सोडून. फुलपाखरू कोशातून बाहेर येतं तो क्षण. हिरवा कोश शेवटी पारदर्शक होतो, आतले नारिंगी पंख घडी घालून ठेवलेले दिसायला लागतात, आणि मग कधीतरी कोश खालून उकलतो आणि पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात फुलपाखरू बाहेर पडतं. धाकटी दर वेळी नेमकी पाणीच प्यायला गेलेली असायची. किंवा फोनवर. किंवा कोश अशा कोपऱ्यात लटकलेला असायचा, की मागे झाकणाची जाळी आणि थोरलीचा चिमट्यांचा डबा दिसायचा.

मग धाकटीने एक शहाणपणा केला. थोरली दवाखान्यात असताना तिने एक कोश झाकणावरून अलगद सोडवला. वरच्या काळ्या देठाला दोरा बांधला. एक वळणदार, सुंदर काटकी आणली आणि कोश तिला टांगला. खाली एक गोल गुळगुळीत दगड ठेवला, कारण चित्रात तो छान दिसत होता. मागे निळा कागद लावला. सगळं देखणं झालं. कोश आणि दगड यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर होतं, तेही देखणंच.

मी डोक्यावर कॅमेरा घेऊन समोर उभा होतो. फुलपाखरू बाहेर आलं. तुम्हाला वाटतं ते पंख पसरूनच बाहेर येतं. नाही. ते भिजलेल्या चिंधीसारखं येतं. मग रिकाम्या कोशाला धरून लटकतं आणि पोटातलं पाणी पंखांत भरतं. पंख खाली, खाली, आणखी खाली उतरतात आणि लोंबत वाळतात. याचे पंख खाली उतरले आणि दगडाला टेकले. टेकून दुमडले. दुमडलेलेच वाळले.

थोरली घरी आली. पर्स खांद्यावरच होती.

"कुणी हलवला हा?"

"मी. पण नीट बांधला होता, ताई. पडला नाही."

"पडला नाही गं! पण लोंबणार कुठे होता? दगडावर?"

"मला काय माहीत त्याला एवढी जागा लागते?"

"विचारायचं. तोंड आहे ना देवाने दिलेलं?"

"तू दिवसभर लोकांची तोंडं उघडून बसणार. मी विचारू कधी?"

"फोटो काढलास?"

धाकटी निळा कागद गुंडाळायला लागली.

"काढलास ना?"

"चांगल्या बाजूने काढलाय. दुमडलेलं दिसत नाही."

थोरलीने पर्स खाली ठेवली. "तो भिंतीवर लागला," ती अगदी हळू म्हणाली, "तर त्या वाचनालयात मी पाऊल ठेवणार नाही. आणि आजपासून माझ्या अळ्यांकडे बघायचं नाही. माझ्याकडेही नाही."

त्या संध्याकाळी धाकटीने तो फोटो पुसून टाकला. कॅमेरा तेव्हा माझ्याच डोक्यावर होता. भिंतीवरची चौकट रिकामीच राहिली. तिने हे थोरलीला सांगितलं नाही. या घरात जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही, आणि बाकीचं सगळं मोठ्याने सांगतात.

ते फुलपाखरू उडालं नाही. थोरली त्याला कापलेल्या फळाच्या फोडीवर बसवायची. ते पडद्यावर चढायचं, टोकाला पोचायचं, पंख हलवायचं आणि खाली पडायचं. मग पुन्हा चढायचं. मला ते बघवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला मान वळवून घेता येत नाही, इतकंच.

घरात बोलणं बंद झालं. म्हणजे आवाज होतेच.

"बाबा, तिला सांगा, मीठ संपलंय."

"अगं, ती इथेच उभी आहे. मीठ तुला ऐकू आलं का?"

"बाबा, तिला सांगा, मला ऐकू येतं. मी काही आंधळी-बहिरी नाही. दगड कुठे ठेवायचा तेही मला कळतं."

"हे मी सांगणार नाही," बाबा म्हणाले. "बसमध्ये लोक भांडायचे, पण पुढच्या थांब्याला उतरून तरी जायचे. तुम्ही दोघी उतरतच नाही."

मला पायपुसण्याजवळ, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात उघडाच सोडून दिलं. अंगावर धूळ. तिसऱ्या पायावर ती चिकटपट्टी. चालतंय.

तिसरा पाय

कुंड्यांतल्या झाडांची पानं संपत आली होती. पेटीत शेवटची एक अळी होती, जाडजूड, पोट भरलेली. अशा अळ्या कोश करायची वेळ आली की भटकायला लागतात. ही झाकणाच्या सैल कोपऱ्यातून निघाली. जमिनीवर उतरली. अख्खी खोली मोकळी होती: पडदा, खुर्ची, कपाट. तिने काय निवडलं?

मला.

मला झाड समजली ती मूर्ख. पायावर चढली. तिचे ते आखूड चिकट पाय माझ्या नळीवरून असे चालले, की मला अंग असतं तर शहारलं असतं. वर गेली, मधल्या दांड्यावर आली, दांड्याच्या खालच्या टोकाला गेली आणि आकड्याशेजारी तोंडातून धागा काढून पांढरा ठिपका विणायला लागली. मागचं टोक त्यात रुतवलं आणि उलटी लटकली. दुसऱ्या दिवशी कातडं उकललं आणि आत हिरवा कोश. सोनेरी ठिपके, सगळा थाट. माझ्या तीन पायांच्या मध्ये.

ज्या आकड्याला वजन टांगायचं तिथे असं वजन, जे मला जाणवलंसुद्धा नाही. अपमानच तो.

धाकटी मला घ्यायला आली, कारण तिला एका कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढायचा होता. तिने माझा पहिला पाय मिटायला हात घातला. तेवढ्यात थोरली दारातून ओरडली, "बाबा! तिला सांगा, हात काढ!"

धाकटीने हात काढला. खाली वाकून पाहिलं. मी मिटलो असतो तर तिन्ही पाय दांड्याला चिकटले असते आणि कोशाचा चिखल झाला असता.

"बाबा, तिला सांगा," धाकटी म्हणाली, "मला उद्या काम आहे. दुसरा ट्रायपॉड कुणी देत नाहीये. कोश दोरा बांधून हलवता येतो."

थोरलीने नुसतं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ते दुमडलेल्या पंखांचं फुलपाखरू वर चढत होतं.

मला वाटलं, आता दोरा येईल. मला हवाच होता तो. मी कामाचा माणूस आहे, फांदी नाही. मला उचला, हे हिरवं लोढणं काढा आणि मला कामावर न्या, असंच माझ्या

घसरलो. सांगितलं होतं. थांबा जरा.

तिसरा पाय, पुन्हा

धाकटी मला न घेता गेली.

कारखान्यात काय झालं ते बाबांनी परत आल्यावर माझ्यासमोर बसून सांगितलं, म्हणजे थोरलीला सांगितलं. धाकटी त्यांना बरोबर घेऊन गेली होती. सगळे कामगार ओळीत उभे राहिले. तिने बाबांना समोर उभं केलं आणि कॅमेरा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"मी म्हटलं, श्वास घेऊ का? म्हणाली, नंतर घ्या. मग काय, पाय फाकले आणि उभा राहिलो. एक फोटो हलला असेल तर नाव बदला माझं!"

थोरली हसली. मी नाही हसलो. दोन पायांचा माणूस, आणि माझं काम!

कोश तिथेच राहिला. धाकटी रोज येऊन वाकून बघायची. वाचनालयाच्या बाईंचा फोन यायचा: भिंत मुलांसाठी खुली करायचा दिवस जवळ आलाय, शेवटच्या चौकटीचं काय? "देते," धाकटी म्हणायची. ही शेवटची अळी, झाडांना पानं नाहीत, हे तिलाही कळत होतं. हा एक क्षण मिळाला तर मिळाला.

कोश काळपट झाला, मग काचेसारखा. आत नारिंगी. सकाळी थोरली समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली, दवाखान्यात न जाता. धाकटी दुसऱ्या बाजूला पालथी झोपली. माझं डोकं रिकामं होतं. तिने कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला होता. मधे मी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. त्या सकाळी खिडकीतून ऊन आलं, सरळ कोपऱ्यात, सरळ कोशावर. मी जन्मात इतका चांगला उजेड पाहिला नव्हता. मागे माझे तीन पाय होते, पण चालतंय. यावेळी खरंच चालतंय.

कोश उकलला.

आणि त्याच उन्हाने माझ्या तिसऱ्या पायावरच्या चिकटपट्टीचा गोंद मऊ केला होता. नळी नळीत सरकली. थोडी. मग आणखी थोडी. मी एका बाजूला झुकायला लागलो. फुलपाखरू अर्धं बाहेर आलेलं, ओलं, कोशाला दोन पायांनी धरलेलं.

धाकटीचं बोट बटणावर होतं. मी तिला ओरडून सांगत होतो, दाब! आधी दाब! माझं काय व्हायचं ते होऊ दे, इतके महिने मी कशासाठी उभा राहिलो? भिंतीवरची चौकट यासाठीच रिकामी आहे, दाब ना बाई!

तिने कॅमेरा सोडला. पुस्तकांची चळत लाथेने उडवून ती सरपटत पुढे आली आणि दोन्ही हातांनी माझा तिसरा पाय धरला.

"ताई! पट्टी!"

"आणते. हलू नकोस."

"मी हलत नाही, तू आण!"

"आणते म्हटलं ना! पण आता गुंडाळायला नको, हिसका बसेल. धरून ठेव फक्त. जमेल?"

"किती वेळ?"

"पंख वाळेपर्यंत. तासभर. जास्तही."

"जमेल."

दारात बाबा उभे होते. "सुटलो बुवा," ते म्हणाले. "थांबा आला."

धाकटीने मला धरून ठेवलं. हात भरून आले तेव्हा तिने कोपर जमिनीला टेकवले. थोरली तिच्या मागे बसली आणि तिच्या कोपरांखाली उशी सरकवली. पंख खाली उतरत होते, आणखी खाली, माझ्या तीन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आणि कशालाही टेकत नव्हते. तपकिरी पाण्याचा एक थेंब माझ्या पायावर पडला. त्याचा डाग अजून आहे.

"ताई," धाकटी मान न वळवता म्हणाली, "तो फोटो मी पुसला होता. त्याच दिवशी."

थोरलीने उशी पुन्हा नीट केली. मग म्हणाली, "हे मला बाबांकरवी तरी सांगायचंस."

"कॅमेरा घे ना. माझे हात अडकलेत."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"वरचं मोठं बटण. दाबायचं फक्त."

थोरलीने कॅमेरा उचलला. दवाखान्यातल्या दात बघायच्या आरशाइतका जपून धरला. बटण दाबलं.

दुपारी फुलपाखरू खिडकीतून गेलं. मागे वळून वगैरे पाहिलं नाही. त्यांच्यात तसली रीत नसावी.

डोकं

वाचनालयाची भिंत खुली झाली त्या दिवशी धाकटी मला घेऊन गेली. समोर सगळ्या चौकटी होत्या आणि शेवटच्या चौकटीत मी होतो. ज्याच्या डोक्यावर कॅमेरा असतो त्याचा फोटो कोण काढणार? मी माझे पाय पहिल्यांदा बाहेरून पाहिले. पोचे आलेले, धुळकट. दोन हात एका पायाला घट्ट धरून. मधे ओले, चुरगळलेले पंख. थोरली त्यासमोर उभी होती, म्हणजे पाऊल ठेवलं होतं तिने.

आता मागणं. मित्रांनो, अजून माझे मित्र नसलात तरी ऐका. माझा खटका बदला. चिकटपट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि जो मुकाट उभा राहतो त्याचे पाय आधी तपासायचे असतात. धूळही पुसा. पण दांड्याच्या खालच्या टोकाला, आकड्याशेजारी, विणलेला एक पांढरा ठिपका आहे. त्याला हात लावाल तर बघा.

त्या दिवशी तुमच्यातल्याच एकाने शेवटच्या चौकटीला नाक लावून मोठ्याने विचारलं, "हा फोटो हललाय का हो?"

हललाय. हलणारच. मी फोटोत होतो.